हरिपूरला रोलर मीच पाठवला

कुपवाडच्या एका शेडमध्ये मी अकरा वर्षं सुपरवायझर होतो. त्याआधी फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होतो आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. शेडमध्ये मला सगळे मेजर म्हणत. आपल्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं.

शेडमध्ये भाड्यानं द्यायचे दोन स्किड लोडर होते. लोक त्याला छोटा लोडर म्हणतात. केबिनमध्ये एकच माणूस मावेल असं बुटकं, चार चाकी मशीन. त्याला स्टिअरिंग नसतं, दोन दांडे असतात. एका बाजूची चाकं थांबवून दुसऱ्या बाजूची फिरवली की ते जागच्या जागी वळतं. मोठं मशीन जिथे शिरत नाही तिथे हे शिरतं. गोठ्यात, पोल्ट्रीत, फाउंड्रीतल्या दोन भट्ट्यांच्या मधल्या वाटेत. पण त्याचा खरा उपयोग त्याच्या तोंडाशी असतो. पुढची बकेट उतरवून तिथे दुसरं काहीही चढवता येतं. खड्डे पाडायचा ऑगर, काँक्रीट फोडायचा ब्रेकर, पोती उचलायचे फोर्क, खताचा पंजा, चर काढायचा ट्रेंचर. या सगळ्याला अटॅचमेंट म्हणतात. कोणत्या कामाला कोणती अटॅचमेंट जायची हे ठरवणं, एवढंच माझं काम होतं.

गिऱ्हाईक फोनवर कामाचं नाव सांगतं आणि नेमकं तिथेच फसायला होतं. "माती उचलायची" असं तीन जण सांगतात आणि तिघांना तीन वेगळ्या बकेट लागतात. फाउंड्रीतली जळकी वाळू उचलायला बिनदातांची लागते, नाहीतर दात खालची फरशी उकरून काढतात. मुरमाला दात लागतातच. साखर कारखान्यातला उसाचा चोथा हलका, त्याला मोठ्या पोटाची बकेट चालते. त्याच बकेटमध्ये कुणी रस गाळून उरलेली ओली मळी भरली तर मागची चाकं वर उठतात. शेणखतात काडी असते, ती नुसत्या बकेटमधून गळून पडते, म्हणून पंजा. द्राक्षाच्या बागेत खांबाचे खड्डे घ्यायचे तर काळ्या रानात ऑगरला माती चिकटून बसते, दर खड्ड्याला उलटा फिरवून झाडावा लागतो. म्हणून मी कामाच्या आधी जागेवर जाऊन बघायचो. फिरायला जागा किती, वर छप्पर किती उंच, खाली काय आहे. शेडच्या मालकांना याचं कौतुक होतं. मलाही होतं.

शेडच्या दाराशी पत्र्याला काळा रंग देऊन केलेला फळा होता. तो मी आल्यावर लावला. संध्याकाळी निघताना मी त्यावर खडूनं लिहून जायचो. गाव, मशीन, अटॅचमेंट. ऑपरेटर सकाळी सातला येत, फळा वाचत, अटॅचमेंट चढवत आणि जात. मी नऊला यायचो. तोंडी काही नाही, फळ्यावर असेल तेच, हा माझा नियम. आधी काय बोलणं झालं होतं ते धरायचं नाही. फौजेतून आणलेली ही एकच गोष्ट शेडमध्ये रुजली आणि मी ती अभिमानानं सांगायचो.

त्या वर्षी आम्ही नवीन अटॅचमेंट घेतली होती, व्हायब्रेटर रोलर. लोखंडी रूळ, तो फिरतो आणि फिरता फिरता जमिनीला कंप देतो, त्यानं भराव घट्ट बसतो. मालकांच्या मनात नव्हती. मीच मागे लागून घ्यायला लावली. आली आणि दोन महिने शेडच्या कोपऱ्यात पडून राहिली. मालक रोज सकाळी तिच्यावर हात ठेवून म्हणायचे, "मेजर, हिला एखादं स्थळ बघा की." सगळे हसायचे. मीही हसायचो. पण मला ते लागत होतं.

अशात हरिपूरचं काम आलं. सांगलीला लागून असलेलं हे गाव हळदीच्या पेवांचं. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. घागरीसारखं, तोंड माणूस उतरेल एवढं आणि पोट वीस फुटांपर्यंत खोल. आत हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं राहायची. मोठ्या पुरात पाणी शिरलं, पुढे कोल्ड स्टोरेज आली आणि पेवं मागे पडली. काही भरून घेतली, काहींची नुसती तोंडं बुजवली. वर गवत आलं की जमीन जमिनीसारखीच दिसते.

जागा एका जैन व्यापाऱ्यांची होती. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, पिढ्यान्‌पिढ्या हळदीच्या धंद्यातले. नातवाला तिथे गोडाऊन बांधायचं होतं, त्याआधी जागा सपाट करून हवी होती. मी बघायला गेलो तेव्हा आमचा एक ऑपरेटर सोबत होता. हे सगळं लिहायचं ते त्याच्यासाठी. कुंडलचा, तेव्हा अठ्ठावीस-तीस वर्षांचा. सातवीपर्यंत शाळा. हात इतका हलका की पोल्ट्रीतलं खत काढताना पाण्याची नळी कधी तोडली नाही. दोन ऑपरेटरांत तोच चांगला, हे मालकही म्हणायचे.

आजोबांनी आम्हाला पूर्ण जागेवरून फिरवलं. चार पावलं चालायचे, टाच आपटायचे, थांबायचे. पूर्वीचे हमाल असंच पायानं पेव ओळखायचे, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "इथं पाच पेवं होती. चार मी स्वतः उभं राहून भरून घेतली. पाचवं वडिलांच्या वेळचं. ते भरलं की नुसतं झाकलं, हे सांगणारं आता कुणी नाही. बकेटनं वरवर माती ओढा. जमिनीला दणका देऊ नका."

मी पहारीनं दहा-बारा ठिकाणी ठोकून बघितलं. सगळीकडे भरीव आवाज आला. आजोबा माझ्याकडे बघत उभे होते. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

परत येताना ऑपरेटर म्हणाला, "मग बकेटच की, मेजर."

"उद्या फळ्यावर बघ," मी म्हणालो.

संध्याकाळी मी फळ्यापुढे बराच वेळ उभा होतो. बकेटनं ते काम तीन दिवस चाललं असतं आणि नंतर भराव बसायला पाऊसकाळ जावा लागला असता. रोलरनं दीड दिवसात दगडासारखी जमीन झाली असती. पहारीचा आवाज भरीव आला होता. आणि कोपऱ्यात रोलर पडून होता. मी लिहिलं, हरिपूर, एक नंबर मशीन, रोलर.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला फोन आला. मालक मिरजेला बँकेत गेले होते, दुसरा ऑपरेटर फळ्यावरची आपली ओळ वाचून कामावर गेला होता, शेडमध्ये मी एकटा. फोनवर मशीन ट्रकवरून नेणारा ड्रायव्हर होता. तो म्हणाला, मशीन पेवात गेलं, तोंड खाली आणि मागची चाकं वर, आणि ऑपरेटर आत अडकलाय.

मी फोन ठेवला. हात पुसायचा फडका पाण्यात बुडवला आणि फळ्यावरचं "रोलर" पुसलं. तेवढाच भाग ओला, गडद दिसायला लागला. म्हणून सगळा फळा पुसला. ओल्या पत्र्यावर खडू उमटत नाही. बेअरिंगच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन मी फळ्याला वारा घातला. वाळल्यावर सगळं पुन्हा लिहिलं, होतं त्याच क्रमानं, त्याच अक्षरात. फक्त हरिपूरपुढे "बकेट" लिहिलं. मग मोटरसायकल काढली.

मी पोहोचलो तेव्हा ऑपरेटर बाहेर आला होता, एका दगडावर मनगट धरून बसला होता. लोकांनी नंतर सांगितलं ते असं. जमीन खचली तेव्हा दोघं-तिघं त्याला काढायला भोकाकडे धावले. आवाज ऐकून घरातून आलेल्या आजोबांनी त्यांना अडवलं. जुन्या पेवात हवा वाईट असते, आधी कंदील सोडा, म्हणाले. कंदील आणून दोरीनं खाली सोडला. ज्योत राहिली. तोवर ऑपरेटरनं स्वतःच केबिनची मागची काच लाथेनं पाडली आणि तो वर सरकत आला. डावं मनगट मोडलं होतं.

आजोबा माझ्याकडे आले. "मी तुम्हाला बकेट सांगितलं होतं," एवढंच म्हणाले. मी मान हलवली. ऑपरेटर ऐकत होता.

मशीन काढायला क्रेन आणली. त्यात दिवस गेला. वर आलं तेव्हा रोलरचा रूळ पिवळा झाला होता. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची हळद पेवाच्या भिंतीच्या लिंपणात मुरलेली होती.

दुसऱ्या दिवशी मालकांनी त्याला फळ्यापुढे उभं केलं. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. मालक वाईट माणूस नव्हते. ओरडलेही नाहीत. "वाच," म्हणाले.

त्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. "मी सकाळी रोलर वाचलंवतं," तो म्हणाला.

"बकेट आन् रोलर. यातलं एक अक्षर तरी सारखं हाय का रं?"

त्यानं पुन्हा फळ्याकडे बघितलं. मालक म्हणाले, म्हाताऱ्यानं तुझ्यादेखत बकेट सांगितलं, फळ्यावर बकेट आहे, आणि तू नवीन खेळणं बघून रोलर नेलास. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. मी काही सांगीन, अशा नजरेनं. मी म्हणालो, "फळ्यावर आहे ते आहे."

मी बोललो ते शब्द इतकेच. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत होतो की त्या वाक्यात खोटं काही नव्हतं.

त्याला काढलं नाही. हात जुळल्यावर मशीन धुवायला आणि ग्रीस भरायला ठेवलं. कुपवाडच्या चहाच्या गाड्यांवर गोष्ट पसरायला आठवडाही लागला नाही. त्याचं लग्न ठरत होतं, त्यामुळे पोरांना आयतं सापडलं. "गड्या, तुझ्या आधी मशीनलाच हळद लावलीस की," असं म्हणायचे. मग नावच पडलं, हळद्या. कुठे ऑपरेटर हवा म्हणून चौकशी आली की कुणीतरी सांगायचं, तो हळद्या नको, त्याला फळा वाचता येत नाही. चार महिन्यांनी तो न सांगता निघून गेला. त्याच्या जागी आलेल्या पोराला मी फळ्याचा नियम समजावून सांगितला.

फळा पुढे चार वर्षं होता. मग सगळं मोबाईलवर आलं. मीही काम सोडून साताऱ्याकडे, कोरेगावजवळच्या गावी, पुतण्याच्या घरी राहायला आलो. मला मूल नाही. पुतण्या मला तात्या म्हणतो आणि नीट सांभाळतो.

या उन्हाळ्यात पुतण्याला ठिबकसाठी पाईप गाडायचे होते आणि गोठ्यातलं खत काढायचं होतं. त्यानं साताऱ्याहून छोटा लोडर मागवला. सकाळी ट्रक आला, त्यातून मशीन उतरलं आणि मशीनमधून तो उतरला. कानशिलांवरचे केस पिकले होते. मी त्याला ओळखलं आणि त्यानंही मला. तो पुढे येऊन वाकला. "मेजर, तुमी हितं?"

मशीन त्याचं स्वतःचं होतं. कर्ज संपत आलंय, म्हणाला. दोन मुली आहेत. सातारा, वाई, फलटण, कामाला कमी नाही. फक्त सांगलीच्या बाजूला जात नाही.

चहा झाल्यावर त्यानं खिशातून वही काढून पुतण्यापुढे धरली. कुठलं काम, कुठली अटॅचमेंट, हे तुमच्या हातानं लिहा, म्हणाला. पुतण्या हसायला लागला. "आवं, चर काढायचीय. त्याला काय लिवायचं?"

"लिवा. मग मी मोठ्यानं वाचतो, दोनदा. तुमी व्हय म्हणायचं."

"भरोसा न्हाई व्हय आमच्यावर?"

"तुमच्यावर हाय. माझ्या डोळ्यावर न्हाई," तो म्हणाला. "एकदा बकेटचं रोलर वाचलंय मी. मेजरांना विचारा, ते हुते तिथं."

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. मी कपातला चहा संपवत राहिलो.

इतकी वर्षं माझी समजूत वेगळी होती. मला वाटायचं की मी पुसलं हे त्याला आतून ठाऊक असणार, तो मला शिव्या देत असणार, आणि त्या देण्याचा त्याला हक्क आहे. त्याला स्वतःच्याच डोळ्यांचा संशय आला असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं. पुतण्यानं लिहिलेली ओळ त्यानं बोट ठेवून वाचली. ट्रेंचर, चर दीड फूट. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

त्या दिवशी मी बोललो नाही. बांधावर खुर्ची टाकून बसलो आणि काम बघितलं. रान मध्येच खडकाळ होतं, तिथे त्यानं ट्रेंचर उचलून घेतला आणि साखळीचे दात बदलले. मी सांगितलं असतं तेच. हात पूर्वीसारखाच हलका होता. डावं मनगट दांडा मागे ओढताना थोडं अडायचं.

दुसऱ्या दिवशी खताचं काम होतं. सकाळी त्यानं वही काढली तेव्हा पुतण्या दूध घालायला गेला होता. मी वही मागितली. "पंजा" असं लिहिलं. तो वाचायला लागला तसं मी त्याला थांबवलं.

"हरिपूरला फळ्यावर रोलर होतं," मी म्हणालो. "मी लिहिलं होतं. फोन आल्यावर मी पुसलं आणि बकेट लिहिलं."

तो वहीकडे बघत राहिला. गोठ्यात म्हैस दावं ओढत होती. त्यानं विचारलं, "म्हंजी रोलरच हुतं?"

"होय."

"मी बराबर वाचलंवतं."

"बरोबर वाचलं होतंस."

त्यानं केबिनच्या दांडीला धरलं. मला वाटलं तो मारील. मी तयार होतो, खरं तर मला ते बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "बायकू म्हणती, डोळं तपासून घ्या. तीनदा तपासलं. डाक्टर म्हणतो, काय बी न्हाई."

मग तो केबिनमध्ये बसला आणि दुपारपर्यंत गोठा साफ केला. पुतण्या आला, पैसे दिले. मशीन ट्रकवर चढलं. निघताना तो माझ्याकडे आला आणि वही उघडून पुढे धरली.

"लिवून द्या."

मी म्हणालो, तुला सांगितलं की.

"तोंडी काय न्हाई, मेजर," तो म्हणाला. नियम माझाच होता. त्यानं तो टोमणा म्हणून सांगितला नाही, सरळ सांगितला.

मी लिहिलं: हरिपूरच्या कामाला फळ्यावर रोलर लिहिलेलं होतं, ते मी लिहिलं होतं, ऑपरेटरची चूक नव्हती. खाली सही केली. त्यानं वाचलं. बोट ठेवलं नाही आणि एकदाच वाचलं. मग वही परत माझ्याकडे दिली.

"पुसलं ते लिवलं न्हाई."

मी त्याच्या वहीत ती ओळ घातली. पण घरात आल्यावर मला वाटलं की ती ओळ पुरेशी नाही. वही त्याच्याजवळ राहणार. कुपवाडच्या चहाच्या गाड्यांवर ती कुणी वाचणार नाही. मालकांना मी फोन केला. ते आता थकलेत. म्हणाले, "मेजर, आता काय त्याचं? झालं ते झालं." त्यांचं झालं. माझंही झालं असतं. त्याचं झालेलं नाही, तो दर सकाळी दोनदा वाचतो. म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे. ज्या ज्या माणसांनी त्याला हळद्या म्हटलं आणि ज्यांचे पत्ते मला मिळतील, त्यांना याची प्रत पाठवणार आहे. हरिपूरच्या त्या घरीही पाठवणार आहे. आजोबा आता नाहीत, नातू आहे.

एक गोष्ट मी त्याला त्या दिवशीही सांगितली नाही. फोन आला तेव्हा तो अजून पेवातच होता. कंदील सोडायचा होता. तो जिवंत आहे का, हे मी ड्रायव्हरला विचारलं नाही. फळा वाळायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मी पुठ्ठ्यानं वारा घालत उभा होतो. पहिली प्रत त्यालाच जाईल.